तुरुंगातून निवडून आलेला महापौर

इंग्रजी ‘मेयर’ या शब्दाला ‘महापौर’ हा भारदस्त प्रतिशब्द मराठीला स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीने दिला. पुरात राहणारा तो पौर आणि पौरांमध्ये जो थोर तो महापौर, इतका सरळ या शब्दाचा अर्थ आहे. शब्द रुळला, सरकारी कागदपत्रांत गेला, कार्यालयांच्या पाट्यांवर चढला. त्यात अंतर्भूत असलेली अट मात्र हळूहळू विस्मरणात गेली. महापौर म्हटले की आज सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे येतो तो अंगावरचा झगा, उद्घाटनाची फीत आणि निवडणुकीच्या आदल्या रात्री एखाद्या हॉटेलात राखून ठेवलेले नगरसेवक. शहराचा पहिला नागरिक म्हणजे मानाचा धनी, एवढीच समजूत समाजाने करून घेतली आहे. ही समजूत किती उथळ आहे हे पाहायचे असेल, तर सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या कलकत्त्याकडे वळले पाहिजे.

नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव ज्या घरात ठाऊक नाही असे घर या देशात सापडणे कठीण. आझाद हिंद सेनेचे सरसेनापती, काँग्रेसचे अध्यक्ष, इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन निसटलेले क्रांतिकारक ही त्यांची रूपे सर्वपरिचित आहेत. परंतु हेच सुभाषबाबू कलकत्ता महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते आणि पुढे त्याच शहराचे महापौर झाले, याची आठवण क्वचितच निघते. निघाली तरी चरित्रातील एक किरकोळ टप्पा म्हणून तिची बोळवण होते. वस्तुतः त्यांच्या घडणीतला हा टप्पा किरकोळ नव्हे. राज्य कसे चालवावे याचे पहिले धडे त्यांनी गिरवले ते शाळा, दवाखाने आणि गटारे यांच्या कारभारात.

सुभाषबाबूंचा जन्म २३ जानेवारी १८९७ रोजी कटक येथे झाला. वडील जानकीनाथ हे तेथील नामांकित वकील. १९०१ मध्ये ते कटक नगरपालिकेचे पहिले बिगरसरकारी अध्यक्ष म्हणून निवडून आले होते. म्हणजे नगराचा कारभार हा विषय त्या घरात परका नव्हता. पुढे सरकारने जानकीनाथांना ‘रायबहादूर’ किताब दिला आणि १९३० मध्ये सरकारच्या दडपशाहीचा निषेध म्हणून तो त्यांनी परतही केला. अशा घरातला हा मुलगा तत्त्वज्ञानात प्रथम वर्गात पदवी घेऊन इंग्लंडला गेला आणि १९२० मध्ये आय.सी.एस.च्या परीक्षेत चौथा आला. त्या काळी आय.सी.एस. म्हणजे सत्तेचे, वैभवाचे आणि निवृत्तिवेतनाचे आजन्म आश्वासन. एप्रिल १९२१ मध्ये त्या आश्वासनावर पाणी सोडून सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. जुलैमध्ये मुंबईच्या बंदरात उतरल्यावर ते प्रथम गांधीजींना भेटले आणि कलकत्त्यास जाऊन देशबंधू चित्तरंजन दास यांच्या हाताखाली कामाला लागले. ज्याने परक्यांच्या राज्याची नोकरी नाकारली, त्याच्यावर तीन वर्षांच्या आत स्वकीयांच्या संस्थेची नोकरी करण्याचा प्रसंग येणार होता.

त्या संस्थेची पूर्वपीठिका समजून घेतली पाहिजे. कलकत्ता हे १९११ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानच्या राजधानीचे शहर. तेथील नगरसंस्थेत लोकनियुक्त सदस्यांचा आवाज वाढू लागताच सरकारने १८९९ मध्ये कायदा बदलून तो दाबून टाकला. त्याच्या निषेधार्थ सुरेन्द्रनाथ बॅनर्जींसह २८ सदस्यांनी राजीनामे दिले. नियतीचा खेळ असा, की तेच सुरेन्द्रनाथ दोन तपांनंतर बंगालचे स्थानिक स्वराज्य मंत्री झाले आणि त्यांनीच १९२३ चा कलकत्ता महापालिका कायदा संमत करून घेतला. या कायद्याने कलकत्त्याला निवडून आलेला महापौर मिळाला, स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी नेमण्याचा हक्क, सरकारच्या संमतीच्या अटीवर का होईना, महापालिकेकडे आला. त्याच वर्षी झालेल्या कायदेमंडळाच्या निवडणुकीत सुरेन्द्रनाथांचा तरुण डॉ. विधानचंद्र रॉय यांनी पराभव केला. ज्या झाडाला त्यांनी पाणी घातले, त्याची फळे दुसऱ्यांच्या पदरात पडली.

१९२४ च्या मार्चमध्ये नव्या कायद्याखाली निवडणूक झाली आणि देशबंधूंच्या स्वराज्य पक्षाने बहुमत मिळवले. एप्रिलमध्ये देशबंधू कलकत्त्याचे पहिले महापौर झाले. मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून त्यांनी निवड केली ती सुभाषबाबूंची. त्यांचे वय तेव्हा अवघे २७ होते. ही निवड निर्विवाद नव्हती. मिदनापूरचे लोकप्रिय नेते वीरेन्द्रनाथ शासमल यांचा या पदावर दावा होता आणि तो डावलला गेल्याचे शल्य त्यांना लागून राहिले. सरकारलाही हा बंडखोर तरुण नको होता. संमती द्यायला त्याने वेळ लावला. पण अखेर दहा लाखांहून अधिक वस्तीच्या त्या अवाढव्य शहराची किल्ली सुभाषबाबूंच्या हाती आली. पदाचे वेतन होते दरमहा ३००० रुपये. सुभाषबाबूंनी त्यातले निम्मे, म्हणजे १५०० रुपयेच घ्यायचे ठरवले.

देशबंधूंनी महापौर म्हणून जो कार्यक्रम मांडला, त्यात भव्य पुतळे किंवा दिपवून टाकणारे सोहळे नव्हते. मोफत प्राथमिक शिक्षण, गरिबांना मोफत औषधपाणी, स्वच्छ आणि स्वस्त अन्न व दूध, पाण्याचा पुरेसा पुरवठा, दाट वस्तीच्या भागांत आरोग्याची व्यवस्था, गरिबांसाठी घरे, उपनगरांचा विकास, सोयीची वाहतूक आणि कमी खर्चात अधिक कार्यक्षम कारभार, अशी ती साधी यादी होती. दरिद्रनारायणाची सेवा हे तिचे सूत्र. यादी लिहिणे सोपे असते. ती अमलात आणणाऱ्याची कसोटी लागते. सुभाषबाबूंनी महापालिकेत प्रथमच स्वतंत्र शिक्षण विभाग उघडला आणि केंब्रिजमध्ये शिकलेले क्षितीशप्रसाद चट्टोपाध्याय यांना शिक्षणाधिकारी नेमले. शहराच्या निरनिराळ्या भागांत मुलामुलींच्या मोफत शाळा निघाल्या. वॉर्डावॉर्डांत आरोग्य मंडळे स्थापन झाली आणि त्यांना महापालिकेचे साह्य मिळू लागले. गरिबांसाठी दवाखाने निघाले, बालकांसाठी चिकित्सालये उघडली आणि गरीब घरच्या मुलांना मोफत दूध मिळू लागले. खरेदीत स्वदेशी मालाला प्राधान्य मिळाले, महापालिकेच्या सेवकांच्या अंगावर खादीचा गणवेश आला, रस्त्यांना आणि उद्यानांना या मातीतल्या थोर पुरुषांची नावे मिळाली. नोकरभरतीत मुसलमान आणि इतर अल्पसंख्य समाजांचा वाटा प्रथमच मान्य झाला. त्यावर टीका झाली, पण देशबंधू आणि सुभाषबाबू आपल्या निर्णयावर ठाम राहिले. पूर्वी महापालिका व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांना मानपत्रे देत असे. आता तो मान राष्ट्रीय पुढाऱ्यांना मिळू लागला. नगराचा कारभार नागरिकांपर्यंत पोचावा म्हणून महापालिकेचे साप्ताहिक गॅझेट काढण्याची योजनाही याच काळातली. १९२४ च्या नोव्हेंबरात ते सुरू झाले.

एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. यातले कोणतेही काम लोकक्षोभ उसळवणारे नव्हते. मुलाला दूध पाजल्याने साम्राज्य कोसळत नाही. तरीही सरकार अस्वस्थ झाले, कारण आपल्या घराचा कारभार आपल्याला जमतो, हे लोकांना दिसू लागले होते. हिंदी माणूस राज्य करण्यास अपात्र आहे या एका गृहीतकावर परकीय सत्तेचे नैतिक समर्थन उभे होते. कलकत्त्यातील प्रत्येक नव्या शाळेने आणि प्रत्येक नव्या दवाखान्याने त्या गृहीतकाची एकेक वीट निखळत होती.

२५ ऑक्टोबर १९२४ रोजी पहाटे सुभाषबाबूंना अटक झाली. आरोपपत्र नाही, खटला नाही, पुरावा नाही. क्रांतिकारकांशी संबंध असल्याचा संशय एवढाच आधार. महापालिकेच्या सभेत देशबंधूंनी या अटकेचा जो धिक्कार केला तो संस्मरणीय आहे. देशावर प्रेम करणे हा अपराध असेल, तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याइतकाच महापौरही अपराधी आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. आपल्या अधिकाऱ्यावर संकट कोसळताच हात झटकून मोकळे होणारे पदाधिकारी सर्वत्र दिसतात. अशा वेळी देशबंधूंचे हे उदाहरण मनात जपून ठेवण्यासारखे आहे.

त्यानंतरचे काही आठवडे अलीपूरच्या तुरुंगात एक विलक्षण दृश्य दिसत होते. महापालिकेच्या फायली तुरुंगात जात, पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांच्या देखत सुभाषबाबू त्यांचा निकाल लावीत आणि त्या पुन्हा कचेरीत परतत. जगातील एका मोठ्या शहराचा कारभार असा गजाआडून चालला होता. पुढे त्यांना बहरामपूरला आणि १९२५ च्या आरंभी ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात हलवण्यात आले. लोकमान्य टिळकांनी जेथे सहा वर्षांचा कारावास भोगला आणि ‘गीतारहस्य’ लिहिले, तोच हा तुरुंग. लोकमान्यांच्या पदस्पर्शाने पावन झालेल्या जागी आपण आलो आहोत, ही जाणीव सुभाषबाबूंनी लिहून ठेवली आहे. त्या दूरच्या तुरुंगातून धाडलेल्या पत्रांतही कलकत्त्याच्या महापालिकेची विचारपूस असे. जून १९२५ मध्ये दार्जिलिंग येथे देशबंधूंचे निधन झाले. गुरूचे अंत्यदर्शनही शिष्याला घडले नाही. मे १९२७ मध्ये प्रकृती पार ढासळल्यावर सुभाषबाबूंची सुटका झाली.

१९३० च्या जानेवारीत एका मिरवणुकीच्या खटल्यात ते पुन्हा तुरुंगात गेले. एप्रिलमध्ये अलीपूरच्या तुरुंगात राजबंद्यांना झालेल्या मारहाणीत ते बेशुद्ध पडले. बाहेर मिठाचा सत्याग्रह पेटला होता. आणि ऑगस्ट १९३० मध्ये, ते गजाआड असतानाच, कलकत्त्याच्या नगरसेवकांनी त्यांना महापौर म्हणून निवडले. ज्याला सरकारने गुन्हेगार ठरवले होते, त्यालाच नगराने पहिला नागरिक ठरवले. सप्टेंबरच्या अखेरीस सुटका झाल्यावर त्यांनी पदाची सूत्रे हाती घेतली आणि देशबंधूंनी सहा वर्षांपूर्वी मांडलेला कार्यक्रम मुद्द्यांनिशी पुन्हा सभागृहापुढे ठेवला. आपण नवे काही सांगत नाही, अपुरे राहिलेले पुढे नेणार आहोत, अशी त्यांची भूमिका होती. पूर्वसूरींचे श्रेय पुसून आपल्या नावाची पाटी लावण्याची घाई त्यांना नव्हती. याच भाषणात त्यांनी समाजवादातील समता आणि त्या काळच्या युरोपातील फॅसिझममधील शिस्त व कार्यक्षमता यांच्या मिलाफाची कल्पना मांडली. त्या शिस्तीच्या पोटात काय दडले होते हे पुढल्या पंधरा वर्षांत जगाने पाहिले. आजच्या वाचकाने या विधानाचा भाबडा गौरव करण्याचे कारण नाही. मोठ्या माणसाच्या मोठेपणाला त्याच्या चुकांची नोंद घेतल्याने बाध येत नाही.

महापौरपद जेमतेम आठ महिने त्यांच्याकडे होते आणि त्यांतले सुमारे अडीच महिने तुरुंगात गेले. १९३१ च्या जानेवारीत माल्दा जिल्ह्यात प्रवेशबंदीचा हुकूम मोडल्याबद्दल त्यांना सात दिवसांची शिक्षा झाली. लगेच २६ जानेवारी उजाडला. त्या वेळी हा दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जात असे. पोलिसांनी मिरवणुकीला बंदी घातली होती. महापौर सुभाषचंद्र महापालिकेच्या इमारतीतून बाहेर पडले आणि मिरवणुकीच्या अग्रभागी चालत मैदानाकडे निघाले. घोडेस्वार पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि त्या लाठ्या महापौरांवरही पडल्या. लालबाजारच्या कोठडीत रात्र काढून दुसऱ्या दिवशी जखमी अवस्थेत ते न्यायालयात उभे राहिले. शिक्षा झाली सहा महिन्यांची. गांधी-आयर्विन करारानंतर मार्चमध्ये ते सुटले आणि एप्रिलमध्ये डॉ. विधानचंद्र रॉय महापौर झाले. आपल्या शहरातील लोकांना मार बसणार हे ठाऊक असताना पहिला वार आपल्या अंगावर घेणे, हा पहिल्या नागरिकाचा मान सुभाषबाबूंनी पत्करला होता. ‘पौरांमध्ये थोर’ या शब्दांना याहून चांगले भाष्य कोणते मिळणार?

या कहाणीला एक काळी बाजू आहे आणि ती लपवणे सत्याशी प्रतारणा ठरेल. देशबंधूंच्या पश्चात बंगालच्या काँग्रेसमध्ये यतीन्द्रमोहन सेनगुप्त आणि सुभाषचंद्र असे दोन तट पडले. सेनगुप्त हेही कलकत्त्याचे अनेक वर्षे महापौर होते. त्यांचाही देह १९३३ मध्ये रांची येथे नजरकैदेतच पडला. दोघेही निःस्पृह, दोघेही त्यागी. पण त्यांच्या अनुयायांनी महापालिकेला आखाड्याचे रूप दिले. नेमणुका, कंत्राटे आणि समित्यांवरील जागा या गटांच्या मापाने वाटल्या जाऊ लागल्या. दरिद्रनारायणाच्या सेवेसाठी मिळवलेली सत्ता अनेकांनी आप्तस्वकीयांच्या सोयीसाठी वापरली. ध्येयवादी नेत्याच्या छायेत स्वार्थी कार्यकर्त्यांची दाटी होते, ही सार्वजनिक जीवनाची जुनीच व्यथा आहे. नेता तुरुंगात असतो आणि बाहेर त्याचे नाव घेऊन दुसरेच लोक कारभार करतात.

१९४० ची घटनाही येथे नोंदवली पाहिजे. त्या वर्षीच्या महापालिका निवडणुकीच्या वेळी सुभाषबाबूंची हिंदू महासभेशी समझोत्याची बोलणी झाली, पण ती टिकली नाहीत. नंतर त्यांनी मुस्लिम लीगशी करार केला आणि लीगचे अब्दुर रहमान सिद्दिकी महापौर झाले. नगराच्या कामात दोन समाज एकत्र आले, तर देशाच्या कामातही येतील, असा सुभाषबाबूंचा विश्वास होता. त्याच वर्षी हॉलवेल स्मारक हटवण्याच्या आंदोलनात हिंदू आणि मुसलमान तरुण एकत्र आले, तेव्हा तो विश्वास खरा ठरतो आहे असे क्षणभर वाटलेही. आंदोलन यशस्वी झाले आणि स्मारक हलवावे लागले. पण १९४६ च्या ऑगस्टमध्ये लीगच्या ‘प्रत्यक्ष कृती’च्या हाकेनंतर याच कलकत्त्याच्या रस्त्यांवर रक्ताचे पाट वाहिले. सुभाषबाबूंच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि लीगच्या राजकारणाची त्यांची पारख चुकली, असे म्हणणे भाग आहे.

त्यांच्या नगरविचाराचा सर्वांत प्रगल्भ भाग दिसतो तो मात्र पद गेल्यावर. १९३३ मध्ये उपचारांसाठी ते व्हिएन्नाला गेले. आजारी माणसाने परदेशी जाऊन विश्रांती घ्यावी, हवापालट करावा. सुभाषबाबू तेथील नगरपालिकेचा अभ्यास करू लागले. व्हिएन्नाचे महापौर कार्ल झाइट्स यांना ते भेटले. पहिल्या महायुद्धानंतर पराभूत आणि उपाशी झालेल्या त्या शहराने १९२३ पासून घरबांधणीचा वेगळा कर बसवला होता. श्रीमंतांच्या मोठ्या निवासांवर जास्त आणि गरिबांच्या खोल्यांवर नाममात्र, अशी त्याची रचना होती. त्या पैशातून सुमारे दहा वर्षांत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. १९३० मध्ये पूर्ण झालेली ‘कार्ल मार्क्स होफ’ ही वसाहत एक किलोमीटरहून अधिक लांब आहे आणि तिच्यात धुलाईघरे, बालवाड्या, वाचनालय अशा सोयी होत्या. सुभाषबाबूंनी हे सारे पाहिले आणि कलकत्त्याचे तेव्हाचे महापौर संतोषकुमार बसू यांना पत्राने कळवले. आपल्याकडेही हे करता येईल, असा त्यामागचा ध्यास. पुढे प्राग आणि वॉर्सा येथेही त्यांनी नगरसंस्थांची कामे न्याहाळली. स्वतःकडे पद नाही, देशात परतण्याची मुभा नाही, शरीर साथ देत नाही, आणि चिंता कसली, तर कलकत्त्यातील झोपडीवासीयांच्या घरांची!

येथेच सुभाषबाबूंच्या जीवनाचे दोन तुकडे एकत्र येतात. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असताना त्यांनी राष्ट्रीय नियोजन समितीची स्थापना केली. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूर येथे आझाद हिंद सरकारची घोषणा करून त्यांनी मंत्रिमंडळ नेमले आणि खाती वाटून दिली. नियोजनाची ही दृष्टी आणि कारभाराची ही पकड आकाशातून पडली नव्हती. कलकत्त्याच्या महापालिकेत शाळेची जागा, दवाखान्याचा खर्च आणि सेवकाचा गणवेश यांचा हिशेब ज्याने मांडला, तोच पुढे सेना आणि सरकार उभारू शकला. नगर ही राष्ट्राची पाठशाळा आहे. जो गल्लीचा कचरा उचलण्याची व्यवस्था लावू शकत नाही, त्याने दिल्लीच्या तख्ताच्या गोष्टी करू नयेत.

महाराष्ट्राने या दृष्टीने आत्मपरीक्षण करण्याची आवश्यकता आहे. १८८८ च्या कायद्याने मुंबईत कार्यकारी अधिकार सरकारनियुक्त आयुक्ताच्या हाती दिले आणि स्वातंत्र्यानंतर राज्यातील इतर महापालिकांनीही तीच घडी उचलली. त्यामुळे आमच्या महापौराला सभागृह चालवण्याचा मान आहे, पण कारभार चालवण्याचा अधिकार नाही. १९२३ मध्ये गुलाम कलकत्त्याला आपला कार्यकारी अधिकारी आपण नेमण्याचा हक्क होता आणि पुढे १९८० च्या कायद्याने तेथे महापौर परिषदेची पद्धत आली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांना घटनेत स्थान मिळाले, पण अधिकार आणि पैसा यांच्या गाठी मंत्रालयातून फारशा सुटल्या नाहीत. त्यावर कडी झाली ती २०२२ मध्ये. त्या वर्षी मार्चमध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ देशातील या सर्वांत श्रीमंत नगरसंस्थेचा कारभार लोकप्रतिनिधींवाचून, प्रशासकाच्या सहीने चालला. राज्यातील इतर अनेक शहरांची हीच गत होती. महापौर नाही याची उणीव किती नागरिकांना भासली? उत्तर अप्रिय आहे. ज्या पदाच्या अभावाने शहराचे काही अडत नाही, ते पद शोभेचे झाले आहे, असाच त्याचा अर्थ होतो.

याला केवळ कायदा जबाबदार नाही. सुभाषबाबूंच्या हाती महापौर म्हणून अमर्याद अधिकार होते, असे मुळीच नाही. डोक्यावर परकीय सत्ता, पाठीवर पोलिसांची लाठी, सभागृहात गटबाजी. तरीही त्या पदाला तेज आले, कारण ते धारण करणाऱ्याजवळ पदाहून मोठे काही होते. निम्मे वेतन घेणारा अधिकारी आणि पहिला वार झेलणारा महापौर या दोन भूमिका एकाच माणसाने पार पाडल्या. अधिकार कायद्याने मिळतात, पण प्रतिष्ठा मिळवावी लागते. महापौरांना अधिक अधिकार मिळालेच पाहिजेत. मात्र ते मागणाऱ्याने आपल्या शहरातील नगरपालिकेच्या शाळेत शेवटचे पाऊल कधी टाकले, याचेही उत्तर तयार ठेवावे. आणि मतदारांनीही स्वतःला विचारावे, की नगरसेवक निवडताना आपण शाळा, पाणी, दवाखाना पाहतो की जात, गट आणि पाकीट?

कलकत्त्याच्या चित्तरंजन अ‍ॅव्हेन्यूवर ‘महाजाती सदन’ नावाची वास्तू आहे. राष्ट्रकार्यासाठी लोकांना हक्काचे सभागृह असावे, या हेतूने सुभाषबाबूंनी तिची कल्पना केली. जागा महापालिकेने दिली. १९ ऑगस्ट १९३९ रोजी गुरुदेव रवीन्द्रनाथांनी कोनशिला बसवली आणि नावही त्यांनीच दिले. दीड वर्षाच्या आत सुभाषबाबू घरातील नजरकैदेतून निसटून देशाबाहेर गेले आणि बांधकाम अर्धवट राहिले. स्वातंत्र्यानंतर, १९५८ मध्ये, ते पूर्ण होऊन खुले झाले. त्या वेळी बंगालचे मुख्यमंत्री होते डॉ. विधानचंद्र रॉय. १९३१ मध्ये सुभाषबाबूंनंतर महापौरपदावर बसलेले तेच डॉ. रॉय. पूर्वसूरीचे अपुरे काम उत्तराधिकाऱ्याने पूर्ण केले. देशबंधूंचा कार्यक्रम सुभाषबाबूंनी पुढे नेला, सुभाषबाबूंचे सदन डॉ. रॉय यांनी उभे केले. नगरे अशीच घडतात, एका पिढीने दुसरीच्या हाती काम सोपवीत.

आपल्या शहरांतही कितीतरी कोनशिला अशा वाट पाहत पडल्या आहेत. त्यांवर कोरलेली नावे वाचण्यात काळ घालवण्यापेक्षा त्यांवरचे काम पुरे करणारा माणूस शोधणे, हे नागरिकांचे कर्तव्य आहे. तो मिळाला की ‘महापौर’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची वेळ कोणावर येणार नाही.